लोडशेडिंग

नाव तौफिकनं ठेवलं. ठेवलं म्हणजे काय,
जिंतूर रोडच्या बंद जिनिंगमधे पहिल्याच दिवशी
लाईट गेली.
गिटार मुकी, बेस मुका,
ड्रम तेवढा वाजत राहिला अंधारात.
"आपल्यातला पर्मनंट मेंबर कोण?" तो ओरडला,
आणि पत्र्यांवरून उत्तर परत यायच्या आत
स्वतःच म्हणाला.

मी जनरेटरवाला.
दिवसाचे अडीचशे, डिझेल तुमचं.
हँडल मारून उठवायचं धूड ते,
लाईट गेल्यापासून चाळीस मोजायचे.
तेवढ्या चाळिसात
ड्रम, टाळ्या, आणि लोकांचा गळा.

सरकीचा वास यायचा त्यांच्या गाण्यांना.
प्रबुद्ध खंदारे वहीच्या मागून लिहायचा,
पुढून डी.एड.चे पाठ.
मन्मथ बँजो पार्टीतला,
वरातीच्या सवयीनं चालत चालत वाजवायचा,
वायर संपली तरी हा पुढंच.
हेमलता ड्युटीवरून यायची नर्सिंगच्या पांढऱ्या बुटांत,
आणि अंधार पडला की ते बूटच दिसायचे.

*डांबर वितळलं, चप्पल तिथंच राहिली,*
*पाय मात्र पोचले घरी*
हे एवढंच कडवं,
पण रिचार्जच्या दुकानात दहा रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं
त्यात हे असायचंच, न मागता.
उरुसात पाळणेवाला लावायचा.
पोरं बाकावर उभी राहून ओरडायची:
जगात जर्मनी, भारतात परभणी,
परभणीत लोडशेडिंग!

सेलूला, गॅदरिंगमधे,
लाईट गेली कडव्याच्या अर्ध्यात.
दोन हजार पोरं, सगळी तेच म्हणायलीत.
मी मोजत होतो. अडतीस. एकोणचाळीस.
हँडल हातात.
आणि मारलंच नाही.
साठ. सत्तर.
त्र्याण्णवला मारलं.
स्टेजवरून तौफिकनं दोन्ही काड्या वर केल्या माझ्याकडं बघून.
त्याला वाटलं, मशीन दमलं असेल.
मग मानवतला. मग लातूरला, ट्यूशनच्या पोरांसमोर.
दर वेळी थोडं थोडं दमवत गेलो मी मशीन.

पुण्याला जनरेटर नेला नव्हता,
मला नेलं होतं, सवयीनं.
गार हॉल. खुर्च्यांना कापड.
गाणं सुरू झालं, संपलं,
लोकांनी व्यवस्थित टाळ्या वाजवल्या.
लाईट काही गेली नाही.
मग तो कंपनीचा माणूस आला, चांगला होता, चहा दिला त्यानं:
"उद्याच्या फायनलला ते अंधाराचं करा ना.
मेन स्विच आम्ही पाडतो."
प्रबुद्ध म्हणाला, करू की.
मन्मथ नखं बघायला लागला.
हेमलता म्हणाली, सोमवारी ड्युटी आहे मला.
तौफिकनं काड्या पिशवीत घातल्या.
"लाईट जायला पायजे," तो म्हणाला,
"घालवायची नसती."
आणि माझ्याकडं बघितलं,
साक्षीदाराकडं बघावं तसं.
मी वायर गुंडाळत राहिलो.
गुंडाळलेलीच होती.

फायनल झाली नाही.
टेम्पोत पाथरीपर्यंत कुणी बोललं नाही,
पाथरीला तौफिक ड्रम घेऊन उतरला,
घर परभणीत असून.
"बनी तो बनी," ड्रायव्हर म्हणाला.
पुढचं कुणी म्हटलं नाही.

हेमलता आता मस्कतला आहे.
प्रबुद्धनं ते गाणं परत केलं म्हणतात, व्हायोलिन घालून.
मी ऐकलं नाही.
एका ऑटोमागं नाव होतं अजून परवापर्यंत,
उन्हानं अर्धं खाल्लेलं.

गेल्या हप्त्यात तौफिक दुकानात आला.
इन्व्हर्टर पाहिजे, पोरीची दहावी आहे.
दाढी पांढरी. माझीही.
"लाईट गेल्यावर किती वेळात चालू होतो?"
"लगेच. कळत पण नाही."
"कळत पण नाही," तो म्हणाला,
आणि काउंटरच्या काचेवर दोन बोटांनी
काहीतरी वाजवत राहिला.
सांगावं, असं आलं होतं ओठापर्यंत.
पण आपोआप मोजायला लागलो होतो.
कमीजास्त काय करशील, त्यानं विचारलं,
तेव्हा मी अठ्ठावीसवर होतो.